बाराशे कुटुंबं, एकशेवीस समूह: आमची वाटचाल

सरकारी विभाग, मूल्यमापन करणाऱ्या संस्था आणि धोरणाचे अभ्यासक यांच्यासाठी आमची फर्म सर्वेक्षणं करते. नमुना आखण्यापासून भारांक (नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने बोलतं तो आकडा) लावलेला डेटा हवाली करण्यापर्यंत सगळं काम आमच्याकडेच होतं. सुरुवात दोघांच्या भागीदारीत झाली. एक फील्डचे, दुसरे संख्याशास्त्राचे. नमुन्याचा तक्ता या दुसऱ्या भागीदारांच्या सहीशिवाय फील्डवर जायचा नाही. ते निवृत्त झाले, पण तक्ता अजून त्यांच्याच रीतीने निघतो.

चौकटीतले, म्हणजे सर्वेक्षणाच्या क्षेत्रातल्या सगळ्या वस्त्यांच्या यादीतले, समूह (गाव किंवा वस्तीचे भाग) आधी प्रदेशानुसार, मग शहरी-ग्रामीण, मग आकारानुसार लावायचे, म्हणजे नमुना आपोआप सगळीकडे पसरतो. मग कुटुंबसंख्येची संचयी बेरीज करायची, म्हणजे प्रत्येक समूहाची कुटुंबं आधीच्या बेरजेत मिळवत जायची. एकूण २,४०,००० कुटुंबं आहेत आणि १२० समूह हवेत, तर अंतर २,०००. एक ते दोन हजारांतला यादृच्छिक आकडा समजा १,३४७ निघाला. आता १,३४७, ३,३४७, ५,३४७ असे आकडे बेरजेत ज्या समूहांवर पडतील ते समूह निवडले गेले. एखादा समूह अंतरापेक्षा मोठा असेल तर निवड करण्याआधीच त्याचे भाग पाडायचे. यादीचा क्रम आणि सुरुवातीचा आकडा फाइलला लावून ठेवायचा, कारण डेटावर वाद झाला की पहिला प्रश्न त्यावरच येतो.

भागीदारांची दुसरी देणगी म्हणजे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालच्या ताग-सर्वेक्षणांत वापरलेली उपनमुन्यांची पद्धत. १२० समूह एकदम न काढता ६०-६०चे दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या टीमना द्यायचे. दोन्हींचे अंदाज नमुना-त्रुटीच्या (निव्वळ नमुना घेतल्यामुळे येणाऱ्या फरकाच्या) पलीकडे फाकले, तर दोष टीमच्या प्रशिक्षणात किंवा प्रश्न विचारण्यात शोधायचा. हे फील्ड चालू असतानाच कळतं, म्हणून त्याचा उपयोग.

पण फर्म खरी उभी आहे ती घरयादीवर, म्हणजे निवडलेल्या समूहातल्या प्रत्येक घराची जागेवर जाऊन केलेल्या ताज्या यादीवर. समूहाच्या हद्दीभोवती आधी एक फेरी मारायची, नकाशावर रस्ते, पाणवठे, मोकळ्या जागा टाकायच्या, वायव्य कोपऱ्यातून सुरुवात करून प्रत्येक इमारतीला क्रमांक द्यायचा आणि दारावर खडूने तोच लिहायचा. सुटतात ती घरं ठरलेली आहेत: दुकानामागची खोली, गच्चीवरची खोली, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या, एका दारामागे वेगळी चूल मांडलेली दोन कुटुंबं. बंद घरही यादीत घ्यायचं, शेजारी विचारून. कुटुंबं तीनशेच्या वर गेली तर समूहाचे शे-दीडशेचे तुकडे करून त्यांतला एक यादृच्छिक पद्धतीने घ्यायचा आणि ती संभाव्यता भारांकात धरायची.

हे टाळलं की काय होतं, ते आकड्यांतच पाहा. चौकटीप्रमाणे समूहात १५० कुटुंबं, आपण १० घेणार. समूह निवडला जाण्याची शक्यता १५०/२,०००, आत १०/१५०, म्हणून भारांक २००. घरयादीत २१० निघाली, तर आतली शक्यता १०/२१० आणि भारांक २८०. जुन्या यादीवरून घरं निवडली असती तर ही साठ कुटुंबं नमुन्यात येऊच शकली नसती. ती बहुधा नवी, भाड्याने राहणारी, स्थलांतरित असतात, आणि योजना अनेकदा त्यांच्यासाठीच आखलेली असते.

घरयादीमुळेच आम्ही जवळपास बुडालो. एका स्पर्धक फर्मने आमच्याइतक्याच बाराशे मुलाखती बऱ्याच कमी दरात देऊ केल्या: ३० समूह, प्रत्येकी ४० घरं, घरयादी नाही, चौकातून एक दिशा धरून ओळीने घरं. कुलूप दिसलं की पुढचं दार. अहवालात प्रतिसाद शंभर टक्के. आमच्या अहवालात बंद घरं आणि नकार जसेच्या तसे नोंदलेले, म्हणून आमचं काम ‘अपुरं’ ठरलं, बिल अडकलं, अनुभवी सुपरवायझर तिकडे गेले. ती कामं परत आली नाहीत, आणि त्यांच्या त्या सर्वेक्षणाचा आकडा अजूनही लोक संदर्भ म्हणून वापरतात. हे आम्हाला आजही सलतं.

तीस समूहांचा आकडा लसीकरणाच्या मोजणीतून आला आहे: ३० समूह, प्रत्येकी ७ मुलं, एकूण २१०. ती पद्धत अधिक-उणे दहा टक्क्यांच्या अचूकतेसाठी, डिझाइन इफेक्ट (समूहांत मुलाखती घेतल्यामुळे नमुना जितक्या पट मोठा लागतो तो आकडा) २ धरून आखलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या मार्गदर्शिकेत त्या झटपट निवडीऐवजी संभाव्यता-नमुन्याची, म्हणजे ज्यात प्रत्येक घराच्या निवडीची शक्यता माहीत असते त्याची, शिफारस केली. डिझाइन इफेक्टचं सूत्र साधं आहे: समूहातल्या मुलाखती उणे एक, गुणिले समूहांतर्गत सहसंबंध (एकाच समूहातली उत्तरं एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत), अधिक एक. सहसंबंध ०.०५ धरला तर ४०-४०च्या नमुन्यात तो २.९५ येतो, बाराशेला त्याने भागलं की परिणामकारक मुलाखती उरतात सुमारे ४०७, त्रुटी अधिक-उणे ४.९ टक्के. १२० समूह आणि दहा-दहा घरं घेतली तर १.४५, परिणामकारक ८२८, त्रुटी ३.४. पाणीपुरवठ्यासारख्या विषयात सगळी वस्ती एकाच योजनेवर असते. तिथे सहसंबंध ०.३ धरला तर पहिल्या नमुन्याचे उरतात जेमतेम ९४. मुखपृष्ठावर दोन्हींचा आकडा बाराशेच.

त्या काळात आम्हाला धरून ठेवलं एका मूल्यमापन विभागाच्या प्रमुख मॅडमनी. अहवाल हातात आला की त्या आधी शेवटचं परिशिष्ट उघडत: किती घरं निवडली, किती सापडली, किती बंद, किती नकार, प्रत्येक घराला किती भेटी. शंभर टक्के प्रतिसाद दिसला की त्या मूळ फॉर्म मागवत. प्रत्येक घराला तीन भेटी देण्याचे आमचे नियम, त्यांतली एक संध्याकाळी आणि एक सुट्टीच्या दिवशी, त्यांनी करारातच घातले. पुढच्या दोन फेऱ्यांचं काम त्यांनी दिलं, त्यावर टीम पुन्हा उभी राहिली.

घरात कोणाला विचारायचं याची मोकळीकही प्रगणकाला देऊ नये. नमुनाशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला तक्ता टॅबलेटमध्ये बसवायला सोपा आहे: प्रौढ पुरुष वयाच्या उतरत्या क्रमाने, मग स्त्रिया, आणि घरासाठी आधीच ठरलेला तक्ता सांगेल तो माणूस. नाहीतर दिवसा घरी असणारेच नमुन्यात भरतात आणि नोकरी-मजुरीवर जाणारे गळतात.

काम देणाऱ्यांना एक सांगतो. ‘लोकसंख्येच्या दहा टक्के नमुना’ असं निविदेत लिहू नका. दहा लाखांच्या आणि एक कोटीच्या लोकसंख्येला लागणारा नमुना जवळपास सारखाच असतो. त्याऐवजी कोणत्या गटासाठी, कोणत्या निर्देशकाची, किती त्रुटी चालेल ते लिहा. जिल्हावार आकडे हवेत तर प्रत्येक जिल्ह्याला पूर्ण नमुना लागतो, राज्याचा नमुना वाटून भागत नाही. समूहांची किमान संख्या लिहा, बदली घर चालणार नाही असं लिहा, दहा टक्के मुलाखती वेगळ्या माणसांकडून पुन्हा तपासायची अट घाला. आणि ‘रस्ते व पाणी यांबद्दल समाधानी आहात का’ असे जोडप्रश्न पायलटच्या (छोट्या चाचणी-सर्वेक्षणाच्या) आधीच काढून टाका, कारण उत्तर रस्त्याचं की पाण्याचं हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या दरपत्रकात घरयादीचा खर्च वेगळ्या ओळीत असतो. तो कापून दर कमी करा, अशी मागणी दरवर्षी येते. माणसं, फेऱ्या, प्रश्नांची संख्या यांवर आम्ही बोलायला तयार असतो. त्या ओळीवर नाही.