लेंटमधली सात स्तोत्रं आणि दादाला केलेला फोन

दरवर्षी लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, आला की मी मटण सोडते, चहा सोडते आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं परत सुरू. 2025 ला ठरवलं की यावेळी खाण्याचं काही नाही, फक्त वाचायचं. बायबलमधली पश्चात्तापाची म्हणून जी सात स्तोत्रं धरतात ना, 6, 32, 38, 51, 102, 130 आणि 143, ती आठवड्याला एक, रोज तेच तेच. भस्म बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, 5 मार्चला होता आणि ईस्टर 20 एप्रिलला, त्यामुळे सात बुधवार बरोब्बर बसत होते.

पहिल्या आठवड्यात मोबाईलवर वाचायचे, तर मध्येच व्हॉट्सअॅपचं नोटिफिकेशन यायचं आणि मग स्तोत्र 6 राहिलं बाजूला. शेवटी आईचं जुनं बायबल काढलं, कडेला तिच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं. पण खरी अडचण मोबाईलची नव्हतीच. या स्तोत्रांत पापाबरोबर वैरीपण बरेच आहेत, 6 मध्ये आहेत, 38 मध्ये तर माझ्याविरुद्ध बोलणारे, टपून बसलेले, आणि मी वाचताना स्तोत्रकर्त्या दावीद राजाच्या जागी स्वतःला ठेवायचे आणि वैऱ्याच्या जागी थेट आमच्या दादाला! म्हणजे आत्मपरीक्षण चाललंय माझं आणि हिशोब निघतोय त्याचा.

दादा सुरतला असतो. आई शेवटचे चार महिने माझ्याकडे पुण्यात होती तेव्हा तो एकदाच येऊन गेला, हे मी तीन वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगत आले, कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेला, चहा पितानासुद्धा.

मग 26 मार्चला 51 सुरू झालं आणि गाडी अडली, कारण यात वैरी नाहीच कुठे. वर लिहिलंय की नाथान संदेष्टा दावीदाकडे आल्यावरचं हे स्तोत्र, म्हणून 2 शमुवेल 12 काढला. गरिबाची एकुलती एक मेंढी घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून दावीद किती भडकतो, आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच, कारण दावीदानं उरीयाची बायको घेऊन त्याला लढाईत मारवलं होतं. मी बायबल मिटून भांडी घासायला गेले. घासता घासता दादाचा एक फोन आठवला, "मी पंधरा दिवस सुट्टी टाकून येऊ का गं?" आणि मी म्हणाले होते, "राहू दे, मी आहे ना इथं." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याच्या बायकोलासुद्धा नाही.

51 वर मी दोन आठवडे अडकले, 102 राहिलंच. त्यातलं चौथं वचन मला पटत नव्हतं, दावीद देवाला म्हणतो मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं. अरे आणि उरीयाचं काय? आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले सगळं पाप शेवटी देवाविरुद्धच असतं. असेल, पण उरीया मेला होता, त्याच्याकडे जाता येत नव्हतं, दादा तर सुरतला धडधाकट आहे, त्यामुळे देवाकडे रडून मला मोकळं होता येईना.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी फोन लावला. आधी उन्हाळा, आंबे, त्याच्या पोरीची परीक्षा, असं दहा मिनिटं. मग म्हणाले, दादा, तू येतो म्हणाला होतास आईच्या वेळी, मीच नको म्हणाले होते आणि लोकांना मी भलतंच सांगत आले. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला वाटलं तू विसरलीस."

त्याच आठवड्यात 130 वाचत होते, आठच वचनं आहेत. पहाटेची वाट बघणारे पहारेकरी आहेत त्यात. शेवटच्या बुधवारी 143 घेतलं, तर त्याच्या शेवटी पुन्हा वैऱ्यांचा नाश करायची विनंती! तिथं आईची पेन्सिलीची रेघ होती, आणि तिच्या मनात तेव्हा कोण होतं देव जाणे.