‘पुढचे गाणे’ नको असते तेव्हा

भाषांतराचे काम करताना मी लॅपटॉपवर बहुधा शास्त्रीय गायनातला ख्याल लावून ठेवतो. भावगीते किंवा चित्रपटगीते अशा वेळी चालत नाहीत, कारण मनात जुळवत असलेल्या वाक्यात गाण्याचे वाक्य येऊन शिरते. ख्यालात मात्र बंदिशीचे दोन-चार शब्द एकदा कानावरून गेले की पुढे स्वरच उरतात आणि हात मोकळेपणाने चालत राहतात. अडचण गाण्याची नव्हती, लॅपटॉपच्या कळांची होती.

माझ्या कळफलकाच्या वरच्या ओळीत संगीतासाठी तीन कळा आहेत: मागचे गाणे, थांबवा किंवा सुरू करा, आणि पुढचे गाणे. त्यांच्या शेजारीच आवाज कमी-जास्त करण्याच्या कळा आहेत. विलंबित, म्हणजे ख्यालाचा संथ भाग, ऐन रंगात आलेला असताना आवाज थोडा वाढवावा म्हणून न पाहता बोट न्यावे, ते ‘पुढचे’वर पडावे, आणि बागेश्रीच्या जागी क्षणात भलताच राग सुरू व्हावा, असे माझ्या बाबतीत इतक्यांदा घडले आहे की त्याचे आता आश्चर्यही वाटत नाही. ‘मागचे’ दाबून पहिल्या ध्वनिफितीवर परतले तरी ती आरंभापासून वाजू लागते. मग माउसने पट्टी ओढत जागा शोधायची. पन्नास मिनिटांचे गायन वीस सेंटिमीटरच्या पट्टीवर बसवले तर एका सेंटिमीटरमध्ये अडीच मिनिटे मावतात, आणि तेवढ्यात गायक कुठून कुठे पोचलेला असतो. जागा सापडेपर्यंत हातातले वाक्य निसटून जाते, हे वेगळे सांगायला नको.

या कळा मुळात तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी आहेत, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आले. कॅसेटच्या यंत्रावर ‘पुढचे गाणे’ असे बटण सहसा नसे. फीत पुढे किंवा मागे सरकवण्याची बटणे असत, आणि लांब गायनासाठी तीच सोयीची होती. सीडीने गाण्यागणिक उडी मारण्याची सवय लावली आणि लॅपटॉपने तीच उचलली. गंमत अशी, की यूएसबी कळफलकांसाठी ठरलेल्या संकेतांच्या यादीत ‘पुढचे गाणे’ आणि ‘पुढे सरकवा’ हे दोन्ही आदेश स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर मात्र पहिलाच छापलेला दिसतो.

मी लिनक्स ही संगणकप्रणाली वापरतो आणि व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये संगीत ऐकतो, त्यामुळे उपाय तसा सोपा निघाला. लिनक्सवर एमप्रिस नावाची एक ठरलेली पद्धत आहे. वाजवणारा प्रोग्रॅम कोणताही असो, त्याने ही पद्धत पाळली असेल तर बाहेरून त्याला ‘थांब’, ‘चाल’, ‘इतके पुढे सरक’ असे सांगता येते. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, हे सांगण्यासाठी प्लेअरसीटीएल नावाची छोटी आज्ञावली आहे. गनोम या माझ्या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये कळफलकाच्या विभागात जाऊन मी ‘मागचे’ आणि ‘पुढचे’ या कळांची मूळ नेमणूक काढून टाकली आणि त्यांच्यावर प्लेअरसीटीएलचे आदेश बसवले: एक कळ साठ सेकंद मागे, दुसरी साठ सेकंद पुढे. शिफ्टसह दाबल्यास दहा सेकंद.

साठच का, तर सुरुवातीला मी फक्त दहा सेकंद ठेवले होते आणि ते अपुरे पडले. अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंद चालते, म्हणजे बारा मात्रांच्या एका आवर्तनाला, तालाच्या एका पूर्ण फेऱ्याला, पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागतो. फोन आला म्हणून मध्येच थांबवलेले गायन दहा सेकंद मागून ऐकले तर आपण आवर्तनाच्या पोटातच कुठेतरी उतरतो. साठ सेकंद मागे गेलो तर एक सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, नक्की मिळते आणि धागा जुळतो. द्रुत, म्हणजे जलद भाग, सुरू झाल्यावर मात्र दहा सेकंदच बरे.

फोन आल्यावर आवाज बंद करण्याची कळ दाबू नये, ही माझी दुसरी शिकवण. गाणे आत चालूच राहते, आणि दहा मिनिटांनी आवाज पुन्हा सुरू करावा तर बडा ख्याल, म्हणजे तो विलंबित भाग, संपून गेलेला असतो.

एक घोटाळा अजून उरला होता. शब्दार्थ शोधताना ब्राउझरमध्ये एखादे चित्रफितीचे पान उघडलेले असले, की थांबवण्याची कळ व्हीएलसीऐवजी त्या पानालाच लागू पडायची. एकदा तर गाणे थांबण्याऐवजी एक जाहिरात मोठ्याने बोलू लागली. क्रोमने 2019 मध्ये आणि फायरफॉक्सने 2020 मध्ये या कळांची दखल घ्यायला सुरुवात केली, ती अनेकांच्या सोयीचीच आहे. मी फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जमध्ये ती बंद केली आणि थांबवण्याच्या कळेवरही आदेश बसवून त्यात व्हीएलसीचे नाव घातले. आता ब्राउझरमध्ये काहीही उघडे असले तरी ती कळ व्हीएलसीशीच बोलते.

ब्लूटूथ हेडफोनच्या बटणाचा आदेशही लॅपटॉपला कळ दाबल्यासारखाच पोचतो, हे मात्र योगायोगाने कळले. चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो असताना हेडफोनचे बटण चुकून दोनदा दाबले गेले, आणि राग न बदलता गायन साठ सेकंद पुढे सरकले. तिथूनच मग तीनदा दाबून मी ते मागे आणले.