कंठ न फुटलेला विठू

धरमपेठेतल्या आमच्या फाटकाशी एक म्हातारा गुलमोहर आहे. त्याच्या वाळक्या फांदीत सुतारपक्ष्यानं कधीकाळी कोरून टाकून दिलेलं भोक आहे. जानेवारीत तिथं पोपटाचं जोडपं आलं आणि रोज सकाळी माझ्या स्कूटरच्या सीटवर भुसा दिसू लागला.

जोडपं म्हणायचं, पण मी पाहतो तेव्हा काम तिचंच चालू असतं. भोकाच्या कडेला लटकून ती चोचीनं लाकूड कुरतडते. तो शेजारच्या फांदीवर पर्यवेक्षक. मध्येच मान वाकवत, एक पाय उचलत तिच्याकडे सरकतो आणि पोटातला घास वर आणून तिच्या चोचीत भरवतो. तिची मर्जी नसली की चोच खाऊन परततो.

साळुंक्याही या भोकावर टपलेल्या. राघू-मैनेची प्रीत गोष्टींत ठीक. इथं घरासाठी रोज कडाक्याचं भांडण होतं.

फेब्रुवारीत ती आत गेली ती दिसेनाशीच झाली. काडी नाही, गवत नाही, भुशावरच चार-पाच पांढरी अंडी घालायची. तीन आठवडे उबवायची ती, बाहेरून चारा आणायचा त्यानं. पुढं पिल्लांचे सहा-सात आठवडे. म्हणजे नागपूरचा पारा ४५ला टेकायच्या आत बिऱ्हाड रिकामं. हिशेब पक्का!

गळ्यातली काळी-गुलाबी कंठी फक्त नराला, तीही तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. हे कळलं आणि मला आजीचा विठू आठवला. पोपट पाळायला बंदी आहे हे तेव्हा महालातल्या आमच्या वाड्यात कुणाच्या गावीही नव्हतं. हिरवी मिरची, भिजवलेली डाळ, पेरूची फोड असा त्याचा थाट. ‘यंदा कंठ फुटेल’ म्हणत आजीनं आठ वर्षं वाट पाहिली. नाहीच फुटला. खाण्यात काही कमी पडतं की काय म्हणून ती बदाम भरवायची.

विठू नव्हताच तो. ती होती.

थंडी सरत आली की ती पिंजऱ्यातली बसायची काठी कुरतडून कुरतडून मोडायची. ‘काय खोड लागली बापा याला!’ म्हणत आजी कडुनिंबाची नवी काठी अडकवायची, आणि पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रावरचा भुसा झटकून टाकायची.