टेबलावर पळालेला घोडा

पुण्यात चित्रकलेच्या मुलांना मी पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवते. त्या दिवशी रोमँटिक काळातल्या प्राण्यांवर तास होता. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचे वाघ-सिंह झाले आणि पडद्यावर आली तेओदोर जेरिकोची १८२१ची 'एप्समची डर्बी', म्हणजे इंग्लंडमधली घोड्यांची शर्यत. वर काळवंडलेलं आभाळ, खाली हिरवळ, आणि चार घोडे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून हवेत. एकाचाही खूर जमिनीला टेकलेला नाही. माझं फार लाडकं चित्र.

"मॅडम, घोडा असा पळत नाही."

एरवी हा मुलगा वर्गात बोलत नाही. वडील रेसकोर्सच्या तबेल्यात कामाला. पहाटे त्यांना मदत करून कॉलेजला येतो. मी त्याला पुढे बोलावलं. त्यानं दोन्ही हातांची दोन-दोन बोटं टेबलावर रोवली. आधी मागचे पाय एकामागून एक, मग पुढचे: टप-टप-टप-टप. आणि चारही बोटं उचलून एकदम आत ओढली. "हवेत असतो तेव्हा पाय पोटाखाली गोळा होतात."

अंगावर काटा आला. १८७८ साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून नेमकं हेच दाखवलं होतं. मुलानं ते फोटो पाहिलेलेही नव्हते.

"मग या चित्रकाराला घोडे कळत नव्हते?" एकीनं विचारलं. जेरिकोला! व्हर्सायच्या तबेल्यांत रेखाटनं करत बसणारा, घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतींनी खंगत १८२४मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेलेला माणूस. मी काही न बोलता त्याचं तबेल्यातल्या पाठमोऱ्या घोड्यांचं चित्र लावलं. मुलगा पडद्याला नाक लावून घोड्यांचे पुठ्ठे बघत राहिला. "हा तबेल्यात राहिलेला माणूस आहे," म्हणाला. "मग पळताना का चुकला?"

तेव्हा धावता घोडा असाच काढायची रीत होती, हे मी सांगितलं. फ्रेंच शिल्पकार रोदँ जेरिकोच्या बाजूनं बोलला होता, तेही सांगितलं: मागच्या पायांनी रेटा दिल्याचा क्षण आणि पुढच्यांनी झेप घेतल्याचा क्षण जेरिकोनं एकाच घोड्यात आणलेत, म्हणून घोडा पळतो, फोटोतला थिजतो. मुलाला पटलं नाही.

"उद्या सकाळी सहाला या, मॅडम."

गेले. कठड्याशी उभी राहिले. आधी ठोके आले, त्यानं टेबलावर वाजवलेलेच: चार, आणि मग क्षणभर काहीच नाही. घोडे समोर आले तेव्हा पाय टिपायला मी डोळे ताणले. जमिनीलगत एक लांब रेघ सरकून गेली.

"दिसलं ना, मॅडम?"

"ऐकू आलं," मी म्हटलं. "दिसला मात्र जेरिकोचाच घोडा."