सात मिनिटांचा फरक

आज पहाटे साडेतीनला फोन. बाहेर रत्नागिरीचा पाऊस, लाईट जात-येत होती. आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर एकाच खात्यासाठी चुकीच्या पासवर्डचे शेकडो प्रयत्न, आणि मग एक लॉगिन यशस्वी! त्या खात्याला ओटीपीची दुसरी पायरी नव्हती. रात्रपाळीला अलर्ट बघणाऱ्या टीममधल्या मुलीने लगेच खातं बंद केलं, म्हणून निभावलं. तिचे आभार मानावे तेवढे थोडेच.

खरा घाम फुटला तो नंतर. फायरवॉलच्या (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या) आणि सर्व्हरच्या नोंदी जुळेनात. सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे. आधी काय घडलं, नंतर काय, तेच कळेना. सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट आहे: घड्याळं एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या (देशाची प्रमाणवेळ राखणारी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवा, लॉग म्हणजे या नोंदी १८० दिवस ठेवा, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. मी ते ऑडिटपुरतं वाचलं होतं.

आठच्या सुमारास कळवलं. ठेवी सुरक्षित आहेत. मिरकरवाड्यावर मासळी विकणाऱ्या मावश्यांची पिग्मी आमच्याकडे येते, रोजचे शंभर-दोनशे रुपये. सकाळभर त्यांचेच चेहरे डोळ्यांसमोर होते.

दुपारी आईने पेज वाढली. ताटावर बसण्याआधी सर्व्हरची वेळ पुन्हा एकदा तपासली.