माघातली गच्ची: सात मोगरे, तीन कंद, चार अडेनियम

रविवार, २५ जानेवारी

आज रथसप्तमी. आईने गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गोवऱ्यांवर दूध ऊतू घालवलं आणि मी तिथेच बाजूला मोगरा छाटायला बसले. दरवर्षी हाच दिवस धरते. पुण्यात या सुमाराला पहाटेचा गारठा अजून असतो, पण दुपारचं ऊन बदललेलं जाणवतं. मोगऱ्यालाही ते कळतं. छाटणीला उशीर केला तर तो जुन्याच काड्यांवर पानं काढत बसतो आणि पहिला बहर हातचा जातो.

कुंड्या सात आहेत: चार बटमोगरा, दोन मदनबाण, एक हजारी. संक्रांतीच्या आधीच पाणी तोडलं होतं. कुंडीतल्या झाडाला ताण देताना शेतासारखं पूर्ण कोरडं ठेवता येत नाही, मुळं जळतात. पानं मलूल दिसली की एक पेलाभर पाणी, एवढंच. अर्धी पानं पिवळी होऊन गळाली की ताण पुरेसा बसला असं मी समजते.

आज प्रत्येक झाड निम्म्यावर आणलं. शंका वाटली ती काडी नखाने खरवडून पाहिली. साल निघाल्यावर आत हिरवं दिसलं तर ठेवली, तपकिरी असली तर बुडापासून काढली. उरलेली पानंही हाताने ओरबाडून टाकली. झाड अगदी भुंडं दिसतं आणि नव्याने मोगरा लावणाऱ्यांचा हात इथेच थरथरतो. पण कळी येते ती नव्या फुटव्यावरच. जुनं लाकूड राखून काही मिळत नाही.

तीन कुंड्यांमध्ये मुळांचं वेटोळं झालं होतं. ती झाडं मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून भोवतालची इंचभर मुळं सुरीने तासली आणि खाली नवी माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड घातली. बाकीच्या चारांची वरची दोन इंच माती बदलली. पाणी आज दिलेलं नाही, परवा देईन. गोवऱ्यांची राख मोगऱ्याला घालायचा मोह होतो, पण त्याला किंचित आम्लधर्मी माती मानवते आणि राख नेमकी उलट. ती पालापाचोळ्याच्या पिंपात गेली.

मंगळवार, २७ जानेवारी

कमळाचे कंद आले. यायचे होते शनिवारी. मागवताना मी स्पष्ट लिहिलं होतं की फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा. विकणाऱ्याने आधीच पाठवले, वर मध्ये रविवार आणि २६ जानेवारीची सुट्टी आली आणि पार्सल गोदामात पडून राहिलं. मला याचं फार वाईट वाटलं. कंद जिवंत असतो, त्याला सुट्टी नसते.

खोकं उघडलं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन कंद. दोन टणक, टोकाचे कोंब शाबूत. तिसऱ्याचं टोक प्रवासात मोडलेलं आणि तिथून कंद काळपट. कमळाच्या कंदाचा सगळा जीव त्या कोंबात असतो. भाजीच्या कमळकाकडीपासून कमळ सहसा उगवत नाही ते याचमुळे: बाजारात येताना तिची टोकं छाटलेली असतात. तिसऱ्या कंदाला मधल्या पेरावर एक बारीक डोळा दिसला, म्हणून सडका भाग कापून तोही ठेवला.

आता अडचण अशी की मोठा टब गच्चीवर तयार आहे, पण सकाळी सात वाजता त्यातलं पाणी १४ अंश होतं. साधारण २० अंशांच्या वर पाणी टिकायला लागलं की कमळ हलतं. त्याआधी गार चिखलात पुरलेला कंद नुसता पडून राहतो आणि पडून राहिलेला कंद कुजतो. परत कागदात गुंडाळून ठेवावा तर सुकतो. म्हणून मधला मार्ग काढला. गवंड्याकडे असतं तसं काळं प्लास्टिकचं घमेलं, त्यात चार इंच स्वच्छ पाणी, माती अजिबात नाही, आणि कंद तसेच तरंगत सोडले. दिवसा घमेलं उन्हात, संध्याकाळी पाचला उचलून स्वयंपाकघरात. काळा रंग ऊन ओढून घेतो. दुपारी दोन वाजता पाणी २७ अंश भरलं. पाणी रोज बदलायचं.

शुक्रवार, ३० जानेवारी

दुसरं पार्सल: चार अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचे वाळवंटी गुलाब, मातीशिवाय, मुळं उघडी. हे मात्र वेळेत. गंमत म्हणजे या दोन पाहुण्यांचं पथ्य एकमेकांच्या अगदी उलट आहे. कमळाला तासभर कोरडं चालत नाही आणि अडेनियमला या दिवसांत पाणी म्हणजे विष. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, कारण मी नसताना प्रेमाने पाणी घालणारी माणसं आमच्याकडे बरीच आहेत.

अडेनियम आलं की आधी बुंध्याचा फुगीर भाग अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून पाहायचा. प्रवासात पाणी कमी होऊन सगळीकडून सारखाच थोडा मऊ झाला असेल तर काळजी नाही, मुळं धरली की भरतो. एकाच जागी बोट आत जात असेल तर ती कूज. माझ्या चारांपैकी एकाला तशी जागा सापडली, रुपयाच्या नाण्याएवढी. सुरी स्पिरिटने पुसून, आतला गर स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत कापत गेले. प्रत्येक कापाआधी सुरी पुन्हा पुसायची, नाहीतर आपणच रोग आत नेतो. जखमेवर बुरशीनाशकाची दाट पेस्ट लावली. बाकी तिघांची मोडकी मुळं छाटली आणि सगळे वर्तमानपत्रावर, सावलीत, हवेशीर जागी आडवे ठेवले. आठवडाभर तसेच राहतील.

रविवार, १ फेब्रुवारी

एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन आठवडाभरापूर्वी पाहून झालंय, तरी डोक्यातून जात नाही. तिथून यंदा एकही रोप आणलं नाही याचा मला आनंद आहे. जागा नव्हती, आणि जानेवारीत फुललेले पिटुनिया घरी आणून मार्चच्या उन्हात जाळायचे, हे मी दोन वर्षं केलंय.

आज सगळा वेळ पाला गोळा करण्यात गेला. आमच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्ष आहेत आणि त्यांची बारीक पानं सध्या सडा घालतायत. तीन पोती भरली. ही पानं चटकन कुजतात. बदामाची आणि आंब्याची चिवट असतात, ती घेतलीच तर चुरून वेगळी ठेवावीत.

काकडी आणि दोडक्याचं बी रात्री भिजत घातलं. रात्री अजून गार आहेत, म्हणून ट्रे फ्रिजच्या मागे, उबेला.

रविवार, ८ फेब्रुवारी

अडेनियम लावले. मिश्रण माझं नेहमीचं: दोन भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत. विटांचा भुगा चाळून टाकायचा, तोच खाली बसून चिखल करतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी यात घालत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते इतका ओलावा धरून ठेवतं की जुलैत बुंधा गेलाच समजा. कुंडी पसरट, उथळ. बुंध्याचा गड्डा मातीवर दिसेल असा. जखमेचं झाड एक इंच आणखी वर बसवलं, म्हणजे कापलेली जागा उघडी राहील.

पाणी नाही. पुढच्या रविवारी.

काकडीचं बी वर आलं, दोडका अजून नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दोन्ही टणक कंदांना पेरांजवळ पांढरी मुळं फुटली आणि कोंबातून तारेसारखे देठ निघाले, टोकाला गुंडाळलेलं पान. रात्रीचा गारवाही ओसरलाय. सकाळी टबातलं पाणी १८, दुपारी २६. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

टब १८ इंची, बिनछिद्राचा. तळाशी पाच इंच काळी माती, त्यात खत काहीही नाही. सुरुवातीला खत घातलं की पाणी हिरवं होतं आणि कोवळी मुळं भाजतात. कंद कडेला टेकवून आडवा, कोंब टबाच्या मध्याकडे आणि वर, म्हणजे धावता कोंब गोल फिरायला मोकळा राहतो. कंदावर अर्धा इंच माती, कोंब उघडा. कंद वर येऊ नये म्हणून त्यावर एक चपटा दगड. वर तीन इंच पाणी, तेही हळूहळू, मातीवर बशी ठेवून. डासांसाठी गप्पी मासे पुढच्या आठवड्यात.

तिसरा कंद आतून पोकळ होऊन गेला. त्या बारीक डोळ्याने दोन आठवडे मला आशेवर ठेवलं होतं.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, यंदा ती चार दिवस आधीच निघाली. अडेनियमना पहिलं पाणी, बेताचं. मोगऱ्याच्या सातही कुंड्यांत प्रत्येक डोळ्यावर तांबूस हिरवे फुटवे आहेत. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला होता, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढला. सलग तीन सकाळी धुवावा लागतो.

रविवार, १ मार्च

कमळाची चार पानं पाण्यावर टेकली आहेत, सर्वांत मोठं वाटीएवढं. ही तरंगती पानं. पाण्याबाहेर ताठ उभं राहणारं पान येईपर्यंत खत नाही, मग कितीही हात शिवशिवले तरी. गप्पी मासे रुळले.

तीन अडेनियमच्या शेंड्यांवर पानं उलगडतायत. जखमेचं झाड अजून बोडकंच आहे, पण बुंधा टणक लागतो, म्हणून त्याला वेळ देतेय. सावलीची हिरवी जाळी धुऊन ठेवली, या आठवड्यात पश्चिमेच्या बाजूला बांधायची आहे.

काल संध्याकाळी बटमोगऱ्याच्या दोन कुंड्यांत टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसल्या. आईला बोलावून दाखवल्या, तिने चष्मा लावून मोजल्या: अकरा. मदनबाणाला अजून फक्त पानंच आहेत.