सांडलेले खिळे

पहिल्याच अंकात वाचकांची माफी मागणारा संपादक मला बघता क्षणी आवडतो. चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर, भिंग घेऊन शोधावी अशी छापायची रीत तेव्हा नसावी.

हा संपादक जॉन ब्रॅडफर्ड, मूळचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, पेशाने जमिनीचा मोजणीदार. छपाईचा अनुभव शून्य. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग. वेगळं राज्य मागणाऱ्या पुढाऱ्यांना आपलं म्हणणं घरोघर पोचवायला वर्तमानपत्र हवं होतं, आणि मुद्रक कुणी तिकडे फिरकेना. ब्रॅडफर्ड म्हणाला, मी काढतो. लेक्सिंग्टन गावाने त्याला छापखान्यासाठी जागा दिली, धाकटा भाऊ फील्डिंग पिट्सबर्गला जाऊन काम शिकून आला, आणि ११ ऑगस्ट १७८७ ला ‘केंटकी गॅझेट’ निघालं.

निघालं ते रडतखडतच. सामान ओहायो नदीतून लाइमस्टोनच्या धक्क्यापर्यंत ठीक आलं. पुढच्या खडबडीत वाटेवर छपाईच्या खिळ्यांचा पार काला झाला. नखाएवढे शिशाचे तुकडे, त्यावरची अक्षरं उलटी. बी कुठला आणि डी कुठला, हे एकेक उचलून उजेडात धरून ठरवायचं. त्यात खिळे जुळवणारा, म्हणजे जुळारी, म्हणून होता तो भाऊच दहा दिवस अंथरुणाला खिळलेला. हे सगळं ब्रॅडफर्डने माफी मागत पहिल्याच अंकात सरळ छापून टाकलं. कमी पडलेले खिळे त्याने लाकडात कोरले असंही सांगतात. मोजणीदाराचा हात, जमलंही असेल.

१७९२ मध्ये केंटकी राज्य झालं. त्याचे पहिले कायदे यानेच छापले.

सत्तरी उलटल्यावर, १८२६ पासून, तो गॅझेटमध्येच केंटकीच्या इतिहासाची टिपणं लिहू लागला. लोक त्याला ‘ओल्ड विज्डम’ म्हणत. पण हा इतिहासकार स्वतः १७७९ मध्ये शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या गावावरच्या स्वारीत गेलेला. त्याने लिहिलेल्या वसाहतीच्या कहाणीला शॉनींची बाजू कुठून असणार? १८३० च्या मार्चमध्ये तो वारला, तेव्हा परगण्याचा शेरीफ होता.

मी फक्त त्याची टिपणं वाचणार नाही. शेजारी त्याच्याच गॅझेटच्या जाहिराती ठेवीन. हरवलेल्या घोड्यांच्या असतात, तशा त्यात पळून गेलेल्या गुलामांच्याही असतात. वर्णन, खुणा आणि आणून देणाऱ्याला बक्षीस.